पंक्तिप्रपंच

एकाच पंगतीला बसलेल्या माणसांपैकी कोणाच्या भातावर तुपाची धार लांबते आणि कोणाच्या पानात दोन थेंब पडतात. कोणाला जिलबीचा आग्रह होतो आणि कोणापाशी वाढपी पोचेपर्यंत ताट रिकामे झालेले असते. याला मराठीत पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि तो करणाऱ्याला आपल्याकडे पूर्वापार नावे ठेवली जातात. माझ्या आजोळी लग्नकार्यात वाढायला पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या पोरांना आजी एकच ताकीद देत असे: हात आखडायचा असेल तर सगळ्यांसाठी आखडा, सैल सोडायचा असेल तर सगळ्यांसाठी सोडा. पंगतीचे बाकीचे नियमही असेच विचारपूर्वक केलेले. शेवटच्या पानापर्यंत वाढून झाल्याशिवाय पहिल्याने घास घ्यायचा नाही. शेजारच्याचे जेवण होईपर्यंत उठायचे नाही. वाढताना माणसाकडे बघायचे, पानाकडे बघून पुढे जायचे नाही. चारचौघांत एकमेकांशी कसे वागावे याचे इतके नेमके शिक्षण दुसरीकडे क्वचितच मिळाले असेल.

या नियमांत एक मोठी खोट होती. ते पंगतीत बसलेल्यांपुरते होते. पंगतीत कोण बसणार हे आधीच ठरलेले असे: अमक्यांची पहिली, तमक्यांची दुसरी, बायकांची सगळ्यात शेवटी. मांडवासाठी खड्डे खणणारे, लाकडे फोडणारे, वाजंत्री वाजवणारे अंगणाबाहेर, हातात भांडे घेऊन. आतल्या माणसाला अपमानाची झळ लागू नये म्हणून केवढी काळजी, आणि बाहेरच्याचा अपमान हा कार्याच्या मांडणीचाच भाग.

सार्वजनिक कार्यक्रमांत सगळ्यांना सन्मानाने सामावून घेण्याचा प्रश्न महाराष्ट्रात गेली पावणेदोनशे वर्षे या रेषेवर लढला गेला आहे. 'सर्वांनी अगत्य येण्याचे करावे' असे छापायला फारसे काही लागत नाही. माणूस आल्यावर त्याला कुठे बसवले, त्याला कोणी आणि कोणत्या भांड्यातून वाढले, त्याचे नाव कसे पुकारले, माईक कोणाच्या हाती राहिला, यांवरून तो कार्यक्रम कोणाचा हे ठरते. आपल्या सुधारकांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी आपले वाद खाण्यापिण्याच्या जिनसांवर आणले.

१८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. सभासद होणाऱ्याने जातिभेद सोडायचा, आणि त्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. सभा गुप्त होती. १८६० च्या सुमाराला सभासदांची यादी फुटली आणि सभा मोडली. कोणी कोणाच्या हातचे खाल्ले हे चव्हाट्यावर आले, एवढ्यावर एक संस्था संपली. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला, तो मात्र उघड्यावर. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी प्याले, कोणी कप नुसता हातात धरला. मग उपस्थितांची नावे छापून आली आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रकरणाला तोंड द्यावे लागले. एका कपापायी शहर दोन वर्षे धुमसत होते.

या साऱ्यात मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती कोल्हापूरची गोष्ट. शाहू महाराजांच्या तबेल्यात काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून इतर नोकरांनी झोडपून काढले. महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढायला मदत केली. दुकान निघाले, पण दलिताच्या दुकानात चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज फेरफटक्याला निघाले की गाडी त्या दुकानापुढे थांबवत, चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजत. पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे हुकूम त्यांनी १९१९ मध्ये काढलेच होते. पण हुकूम निघतो आणि लोक वाट वाकडी करून जातात, हे त्यांनी ओळखले होते. ज्याच्याकडे मान आहे त्याने तो मान घेऊन तिथे जाऊन बसायचे, आणि एकदा नव्हे, वारंवार बसायचे, ही त्यांची रीत. आज आपण कार्यक्रमांची आखणी करताना नियमावल्या लिहितो. त्या लिहाव्यातच. पण प्रमुख पाहुणे मध्यंतरात कोणाशेजारी जाऊन बसतात याने जे घडते ते नियमावलीने घडत नाही.

हुकूम आणि वागणे यांतले अंतर महाडला तर सगळ्या देशाने पाहिले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदोपत्री काही उरले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग परिषदेला आलेली माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि जमावाने परिषदेच्या मांडवावर हल्ला केला. शिजवलेले अन्न मातीत गेले. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, दावे झाले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे. प्रश्न तहानेचा नव्हताच, बरोबरीचा होता, हे बाबासाहेबांनी त्याच सत्याग्रहात बजावून सांगितले होते.

अनंत हरी गद्रे यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. 'निर्भीड'चे संपादक, जाहिरातीच्या धंद्यातले तरबेज गृहस्थ, 'समतानंद' म्हणून ओळखले गेलेले. त्यांनी झुणका-भाकर सत्यनारायण सुरू केला. पूजेला दलित जोडपे बसणार, आणि प्रसादाला शिऱ्याऐवजी झुणका-भाकर. यातली युक्ती मला फार मोलाची वाटते. सत्यनारायण म्हणजे घरोघरीचा ओळखीचा विधी. तो मोडला नाही, त्यातल्या दोन जागा बदलल्या: पाटावर कोण बसते आणि द्रोणात काय येते. येणाऱ्याला प्रसाद नाकारण्याची सोय उरत नाही, कारण प्रसाद नाकारायचा नसतो. आणि साजूक तूप, रवा, केळी यांचा खर्च ज्याला झेपत नाही त्याच्या रोजच्या जेवणालाच पूजेत स्थान मिळते. देवभोळेपणा वाढवण्याचा हा मार्ग नको, असे म्हणणारेही होते, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही समारंभातला नेमका कोणता खिळा काढला की दार उघडते, हे गद्र्यांना कळले होते.

सार्वजनिक गणेशोत्सवाचा इतिहास सांगताना १८९३-९४ ची कथा सगळे सांगतात, १९२६ ची दादरची कथा कमी वेळा सांगितली जाते. दादरच्या सार्वजनिक गणपतीला वर्गणी सगळ्यांची, मग पूजेचा अधिकार सगळ्यांना का नाही, असा सरळ सवाल प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. मंडप तापला. अखेर तडजोड अशी निघाली की मडकेबुवा या दलित कार्यकर्त्याने फुले हातात घ्यायची, ती पुजाऱ्याच्या हाती द्यायची आणि पुजाऱ्याने ती मूर्तीला वाहायची. म्हणजे फूल पोचले, हात पोचला नाही. तरी एवढ्यानेही काहींना तो उत्सव नकोसा झाला. प्रबोधनकारांनी मग त्याच वर्षी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव उभा केला. पावती पुस्तक सगळ्या दारांवर फिरते आणि आरतीचे तबक ठरावीक हातांत फिरते, हा मुद्दा त्यांनी काढला, तो आजही कोणत्याही मंडळाच्या हिशेबाच्या वहीशेजारी ठेवून पाहता येईल.

वारीला आपण समतेचा सोहळा म्हणतो. वाटेने जाणारा प्रत्येक जण दुसऱ्याला माउली म्हणतो, वयाने, पैशाने, जातीने मोठा असलेला लहानाच्या पाया पडतो. जगात एवढ्या मोठ्या जनसमूहाने शोधलेली आदराची याहून सुंदर रीत मला माहीत नाही. पण इरावती कर्वे वारीबरोबर चालल्या आणि 'परिपूर्ती'तल्या 'वाटचाल' या लेखात त्यांनी जे लिहिले ते वाचून त्या सोहळ्याकडे पुन्हा पाहावे लागते. एकाच दिंडीत ब्राह्मणांचे आणि मराठ्यांचे जेवण वेगवेगळे होत होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या दिंड्या पालखीपासून वेगळ्या, पुढे चालत होत्या. अभंग एक, वाट एक, चूल वेगळी. इरावतीबाई मराठा बायकांबरोबर जेवल्या, आणि त्यानंतर त्या बायका त्यांचा हात धरून चालू लागल्या, आपल्या संसाराच्या गोष्टी सांगू लागल्या. बरोबर चालून जी जवळीक आली नव्हती ती एका जेवणाने आली. ज्या पंढरपूरला ही सारी वाट जाते तिथे चोखोबांची समाधी पायरीपाशी आहे, आणि विठ्ठलाचे देऊळ सगळ्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले. स्वातंत्र्याला तेव्हा तीन महिने उरले होते.

गावच्या जत्रेचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा. तिथे प्रत्येकाला स्थान असते. काठी कोणी धरायची, पालखीला पहिला खांदा कोणाचा, दिवटी कोणाकडे, नगारा कोणाचा, नारळ कोणाचा. याला मान म्हणतात आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, किती सर्वसमावेशक! कोणी सुटलेले नाही. पण मानाची उतरंड असते. हलगी वाजवणारा मिरवणुकीच्या सगळ्यात पुढे असतो आणि जेवणाच्या वेळी सगळ्यात मागे. म्हणूनच गावकीची कामे सोडण्याची चळवळ झाली: मेलेली ढोरे ओढणार नाही, सांगावे पोचवणार नाही, वाजवणार नाही. दलितांनी त्या 'माना'वर पाणी सोडले, कारण त्या मानाने त्यांच्या अपमानावर वर्षावर्षाला नव्याने शिक्कामोर्तब होत होते. एखाद्याला कार्यक्रमात काम दिले म्हणजे सामावून घेतले, असे समजणाऱ्या संयोजकांनी हा इतिहास जरूर आठवावा. सतरंज्या उचलणारे, मंच झाडणारे, पाणी भरणारे दरवर्षी त्याच वस्तीतले असतील, तर त्यांना स्थान आहे आणि मान नाही.

जत्रेतून, वर्गणीतून, पंगतीतून एखाद्या घराला वगळणे म्हणजे वाळीत टाकणे. ही फक्त जातपंचायतींची गोष्ट नाही. कोकणात गावकीने एकेका कुटुंबाशी बोलणे तोडल्याची, त्यांना पाणी आणि मयताला खांदा नाकारल्याची प्रकरणे अगदी अलीकडेपर्यंत पोलिसांत गेली आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. एखाद्याला सामुदायिक कार्यक्रमात येण्यापासून रोखणे हा त्यात गुन्हा आहे. असा कायदा लागावा ही खेदाची बाब. तो आहे हे मात्र प्रत्येक उत्सव समितीला ठाऊक असायला हवे.

धर्माच्या बाबतीत दोन्ही प्रकारची उदाहरणे हाताशी आहेत. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत गेली चार दशके गणपती मशिदीत बसतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडलाही मशिदींत गणपती बसवण्याची परंपरा आहे, आणि मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पंजे आणि मूर्ती एका छताखाली असतात. हे तिथल्या लोकांनी शहाणपणाने घडवले आणि दरवर्षी मिटिंगा घेऊन टिकवले. उलट बाजूला मढी. कानिफनाथांची ही यात्रा म्हणजे भटक्या-विमुक्तांची पंढरी. जिथे गावगाड्याबाहेरच्या माणसांना हक्काने जमता येत होते, तिथे फेब्रुवारी २०२५ मध्ये मुस्लिम व्यापाऱ्यांना यात्रेत दुकाने लावू न देण्याचा ठराव गावाने केला आणि प्रशासनाला त्यात पडावे लागले. पाळणे, बांगड्या, रेवड्या विकणारा माणूस यात्रेचाच असतो. त्याला वेगळे काढले की यात्रा लहान होते, आणि त्याच्या घरी त्या हंगामाची चूल थंड राहते. हे मला अन्यायाचे वाटते.

आता हळदीकुंकू. बायकांनी बायकांसाठी उभा केलेला हा मेळावा. घराबाहेर पडण्याची सबब मिळावी, चार घटका गप्पा व्हाव्यात, हातावर काही वाण पडावे, यासाठी कित्येक पिढ्यांच्या बायकांनी तो जपला. आणि त्याच्याच उंबऱ्यावर विधवा बाई थांबली. आमच्या जुन्या वाड्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकू सकाळपासून आमच्याकडे येऊन तिळगूळ वळत, हरभरे निवडत, डाळ भिजवत. पाच वाजले की पदराला हात पुसून आपल्या खोलीत जात. त्यांना कोणी जा म्हणत नव्हते. कोणी थांबा म्हणत नव्हते, हे मला फार उशिरा कळले. मीही कधी म्हटले नाही.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी हे उदाहरण घ्यावे असे परिपत्रक काढले. हेरवाडचे मोठेपण मला यात दिसते की हा विषय घरातला, बायकांचा, देवाधर्माचा म्हणून बाजूला न सारता तो गावाच्या चावडीवर आणला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ देण्याचा प्रश्न २०१६ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा न्यायालयाला १९५६ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याची आठवण करून द्यावी लागली होती. हळदीकुंकवाच्या करंड्यासाठी कोणी न्यायालयात जाणार नाही. तो करंडा हातात घेतलेल्या बाईनेच ठरवायचे असते.

शहरांत हळदीकुंकवाची जागा आता खेळांनी घेतली आहे. पैठणीचा खेळ, उखाण्यांची चढाओढ, 'वहिनी, पुढे या'. सूत्रसंचालक प्रत्येकीला विचारतो, नवऱ्याचे नाव काय, लग्न कसे जमले, घरात कोणाचे चालते. बक्षीस जिंकायला नवरा लागतो. लग्न न केलेली, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, नवरा गेलेली बाई मागच्या खुर्चीवर टाळ्या वाजवत बसते किंवा येतच नाही. खेळ घेणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण उखाणा आईच्या, मुलीच्या, मैत्रिणीच्या, गावाच्या नावाने घ्यायला कोणाची हरकत आहे? मी एके ठिकाणी हे सुचवले आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त दाद मिळाली ती एका आजींना, त्यांनी आपल्या म्हशीच्या नावाने घेतलेल्या उखाण्याला.

मंचावर कोणाला बोलवायचे या प्रश्नाची सगळ्यात लांब नोंद आपल्याकडे साहित्य संमेलनाच्या इतिहासात आहे. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या ग्रंथांत नाही त्यांच्या सभेशी आपला मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. निमंत्रण आले होते. बरोबरी आली नव्हती. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्‌घाटन अण्णा भाऊ साठ्यांनी केले. अखिल भारतीय संमेलनाला पहिल्या स्त्री अध्यक्षा कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने १९६१ मध्ये लाभल्या, आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर झाल्या त्या सहाव्या. अठ्ठ्याण्णव संमेलनांत सहा.

जानेवारी २०१९ च्या यवतमाळ संमेलनाने तर एकाच आठवड्यात दोन टोके दाखवली. उद्‌घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावले होते. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठी संमेलनाला कशाला, असा विरोध झाला, उधळून लावण्याची भाषा झाली आणि आयोजकांनी दिलेले निमंत्रण मागे घेतले. घरी बोलावलेल्या पाहुण्याला येऊ नका म्हणून कळवणे हा मराठी माणसाच्या आतिथ्याला लागलेला डाग आहे, आणि तो अजून गेलेला नाही. मग उद्‌घाटनाला आल्या वैशाली येडे, त्याच जिल्ह्यातल्या, शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे. ज्या बाईला गावात हळदीकुंकवाला बोलावणे येत नाही, तिने मराठी साहित्याच्या सगळ्यात मोठ्या मंचावरून आपल्यासारख्या बायकांचे जगणे मांडले. सहगल यांच्यावरचा अन्याय यामुळे पुसला जात नाही. पण त्या दिवशी मांडवात बसलेल्यांनी जे ऐकले ते एरवी ऐकू आले नसते.

मनातल्या अडसरांबद्दल इतके लिहिले, आता मांडवाच्या लाकडी पायऱ्यांबद्दल. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्या आपल्या कार्यक्रमांत दिसत नाहीत, कारण कार्यक्रम गच्चीवर असतो, सभागृह दुसऱ्या मजल्यावर असते, मंचाला चार उंच पायऱ्या असतात. सत्काराला बोलावलेल्या कुबडीधारी माणसाला चौघांनी उचलून मंचावर नेले की टाळ्या पडतात. त्या उचलण्यात त्याला काय वाटते हे त्याच्या चेहऱ्यावर वाचता येते. एक फळी तिरकी टाकली असती तर तो स्वतः गेला असता, किंवा सत्कार खाली झाला असता. बायकांच्या स्वच्छतागृहाचे तेच. चार तासांचा कार्यक्रम आणि स्वच्छतागृह नाही, म्हणजे बायकांनी दुपारपासून पाणी पिऊ नये अशी अपेक्षा. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' ही मोहीम याच हक्कासाठी चालली. आणि आवाज: कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रुग्णालयापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र. हे आकडे पोलिसांसाठी नाहीत. डीजेच्या भिंतीपलीकडे कोणी तान्हे बाळ, कोणी हृदयरोगी, कोणी स्वमग्न मूल कानांवर उशी दाबून बसलेले असते. तेही त्याच वॉर्डातले, त्यांच्याही घरी पावती फाडलेली असते.

माईकवरून बोलताना काय होते याची यादी मोठी आहे, मी दोन गोष्टींवर थांबते. सत्कारमूर्तींत पुरुषांना पूर्ण नाव आणि 'साहेब', बायकांना 'आपल्या वहिनी'. सफाई कर्मचाऱ्यांचा सत्कार असेल तर एकेरी नावे, आडनाव नाहीच. नावे आधी विचारून, नीट लिहून घेऊन, मोठ्याने वाचून सराव करायला दहा मिनिटे लागतात. दुसरे, विनोद. बायकोवर, जाड्या माणसावर, तोतऱ्या बोलण्यावर, एखाद्या जातीच्या बोलीवर, तृतीयपंथीयांच्या टाळीवर. लोक हसतात, तेव्हा ज्याच्यावर विनोद झाला तोही हसतो, कारण तिथे न हसता बसणे त्याला परवडत नाही. पुण्यात २०२४ च्या गणेशोत्सवात तृतीयपंथीयांचे शिखंडी ढोल-ताशा पथक रस्त्यावर उतरले. ज्यांना मिरवणुकीत टाळी वाजवण्यापुरते ओळखले जाई, त्यांनी कमरेला ढोल बांधला. त्या पथकाचे वादन सुरू असताना कडेला उभ्या असलेल्यांनी मोबाइल उंचावले, आणि बऱ्याच जणांनी वादन संपल्यावर पाणी पुढे केले असे ऐकले, तेव्हा मला चवदार तळे आठवले.

शेवटी सगळे समितीपाशी येते. आमच्या सोसायटीच्या गणपतीची समिती आठ जणांची. त्यात भाडेकरू नाहीत, कारण मालकांचीच नावे सुचतात. पंचविशीच्या खालचे कोणी नाही. दोन बायका आहेत, त्यांच्याकडे रांगोळी आणि प्रसाद. दरवर्षी शेवटच्या दिवशी महाप्रसाद असतो. फलकावर 'सर्वांनी लाभ घ्यावा' लिहिलेले असते. रात्रपाळीचे वॉचमन, त्यांचे कुटुंब, कामाला येणाऱ्या मावशी, कचरा नेणारे दादा, यांना साडेदहानंतर डब्यात भरून दिले जाते. गेल्या वर्षी वॉचमनची मुलगी वेशभूषा स्पर्धेत नाव द्यायला आली, तर 'ही सभासदांच्या मुलांसाठी आहे' असे तिला सांगण्यात आले. ती सावित्रीबाई होणार होती. साडी नेसून आली होती.

या वर्षीची बैठक येत्या रविवारी आहे. मी तीन गोष्टी लिहून दिल्या आहेत. स्पर्धेच्या पत्रकातला 'सभासदांच्या' हा शब्द काढावा. समितीत एक भाडेकरू आणि कामगारांपैकी एक जण घ्यावा, आणि बैठकीची वेळ त्यांना जमेल अशी ठेवावी. महाप्रसादाला डबे भरू नयेत. पहिल्याच पंगतीत सगळ्यांनी मिसळून बसावे आणि वाढायला समितीने उभे राहावे. पहिल्या दोन मुद्द्यांना सचिवांनी हो म्हटले आहे. तिसऱ्याबद्दल ते म्हणाले, बघू, काही घरांना चालेल का ते विचारावे लागेल. कोणत्या घरांना, हे मी रविवारी सगळ्यांसमोर विचारणार आहे.